शनिवारचा वर्ग आणि कावेरीचा म्हाळ

म्हाळाच्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता दाजींच्या उपरण्यात एक वडा होता, आणि ही गोष्ट दाजींखेरीज फक्त एकाच व्यक्तीला ठाऊक होती. ती व्यक्ती सात वर्षांची होती, दाजींची नात होती, आणि आज जिच्या नावाने पितृपक्षातले पान वाढायचे होते ती दाजींची आईही तीच होती, असे दाजींचे मत होते.

हे मत त्यांनी एकट्याने बनवलेले नव्हते. दाजींची आई, थोरल्या कावेरीबाई, गेल्या आणि वर्ष फिरायच्या आत दाजींचा मुलगा श्रीपाद याला मुलगी झाली. तेव्हा वालावलच्या त्या घरात शेजारपाजारच्या बायकांनी येऊन, पाळण्यात डोकावून, 'म्हातारी परत इली' असा निकाल दिला. पुरावा म्हणून डाव्या कानामागचा तीळ दाखवण्यात आला. मुलीचे नाव कावेरी ठेवले आणि बाकीच्यांच्या लेखी विषय तिथेच संपला. असे निकाल त्या बाजूला घरोघर लागतात. त्यांची अंमलबजावणी कोणी करत नाही. दाजींनी केली. ते कोर्टात बत्तीस वर्षे नोकरी करून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. निकाल लागला की तो अमलात आणायचा, एवढेच त्यांना माहीत. पहिल्या दिवसापासून ते नातीला 'आये' म्हणू लागले. आईला नाही म्हणणे त्यांना पहिल्या साठ वर्षांत जमले नव्हते. ते आता अडुसष्टाव्या वर्षी जमण्याचा प्रश्नच नव्हता.

आईने मात्र दुसऱ्या खेपेला फार गोंधळ मांडला होता. दाजींचा धाकटा भाऊ भाई, त्याच्या मनगटावर सहा दातांची खूण होती. श्रीपादची ऑफिसातून आणलेली फाइल विहिरीतून पोहऱ्याने काढून आठवडाभर दांडीवर वाळत घालावी लागली होती. शाळेतून मधल्या सुट्टीत निघून येणे, रस्त्यात बसून राहणे, जेवणाचे ताट उलटे करून त्यावर उभे राहणे, हे आता कोणी मोजतही नसे.

घराची व्यवस्था अशी होती. श्रीपाद ओरोसला कलेक्टर कचेरीत कारकून. तो संध्याकाळच्या एसटीने यायचा, दिवसभराच्या तक्रारी उभ्या उभ्या ऐकायचा आणि माडाच्या हिराच्या छडीने दोन फटके द्यायचा. त्याची बायको सरला गावातल्या बालवाडीत लोकांची तीस पोरे गोड आवाजात सांभाळायची आणि घरी आल्यावर स्वतःच्या एका पोरीवर उरलेला आवाज खर्च करायची. दाजींची बायको काशीबाई कोणालाच काही बोलत नसे. आणि या सगळ्यांच्या वर, ओटीवरच्या आरामखुर्चीत, दाजी. खाली झालेली शिक्षा तिथे अपिलात रद्द व्हायची, वर नुकसानभरपाई म्हणून एक लाडू मिळायचा. कावेरीला अजून दोनाचा पाढा येत नव्हता, पण कोणता अर्ज कोणाकडे न्यायचा हे तिला गावातल्या कुठल्याही वकिलापेक्षा जास्त कळत होते.

श्रावणात श्रीपादने कचेरीच्या फळ्यावर एक कागद वाचला. सरकारी वसाहतीतल्या एका रिकाम्या खोलीत दर शनिवारी दुपारी वर्ग, एकंदर आठ शनिवार. नांदगावच्या सुगंधाबाई, मुंबईला जाऊन हेच शिकून आलेल्या, तो चालवणार होत्या. हट्टी, मारकुट्या, न ऐकणाऱ्या मुलांसाठी. मात्र मुलांना आणायचे नव्हते. आईबापांनी यायचे होते. दाजींनी हे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे आरोपी घरात, आणि साक्षीदार आत."

सरला आणि श्रीपाद पाच शनिवार जाऊन आले. सुगंधाबाईंचे सांगणे ऐकायला सोपे होते. पोर काही बरे करताना दिसले की तिथल्या तिथे, काय बरे केले ते नाव घेऊन सांगायचे. सांगायचे ते एकदाच, थोडक्यात, जवळ जाऊन. बारीकसारीक थयथयाट चालला असेल तर तिकडे बघायचे नाही. हात उचलायचा नाही. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच बोलायचे. या शेवटच्या मुद्द्यासाठी त्यांनी 'आजोबांना घेऊन या' असा निरोप दोनदा पाठवला. दाजींना दोन्ही वेळा नेमके पडसे झाले होते. सुगंधाबाईंनी आणखी एक सांगून ठेवले होते: सुरुवातीला पोराचा दंगा वाढेल, कारण इतके दिवस जे चालत होते ते एकाएकी का चालेनासे झाले हे ते पोर जोर लावून बघणार. हे एक भाकीत तंतोतंत खरे ठरले होते. दंगा दुप्पट झाला होता.

आणि त्या दुपटीची बातमी पत्राने मुंबईला पोचली. दाजींची थोरली मुलगी अक्का म्हाळाला आली ती येतानाचे एक आरक्षण आणि जातानाची दोन करूनच.

"मी स्पष्टच सांगते, श्रीपाद," अक्का ओटीवर पाट ओढून बसत म्हणाली. अक्का वालावलला आली की मालवणीच बोले. पण एखादी गोष्ट ठरवून झाली असली की पुस्तकी मराठी काढी, सरकारी माणूस शिक्का काढतो तशी. "परवाच्या गाडीची तिकिटं आहेत. एक माझं, एक कावेरीचं. आमच्याकडे वेळेवर उठणं, वेळेवर झोपणं. वर्षभर राहू दे."

सरला स्वयंपाकघराच्या दारात आली. हाताला वड्यांचे पीठ होते. "अक्का, अजून तीन शनवार आसत."

"पाच शनवारांत काय झाला ता बघलंय मी," अक्का मालवणीत उतरली. "सकाळी माझ्या पिशयेत शेण घातल्यान."

"ता सुक्या होता," आतून काशीबाई म्हणाली.

"सुक्या असला म्हणान काय झाला, आये? शेण ता शेण."

भाई पंचांग चाळत खांबाला टेकून बसला होता. कसलेही संकट आले की त्याचे एकच उत्तर असे आणि ते देवळात असे. "माझा म्हणणा, आदी देवाक गाऱ्हाणा घालूया. मुंबय काय, ओरोस काय, बाकीचा मगे."

"तुमी मागच्या म्हयन्यात घातलास मगे," सरला म्हणाली.

"ता माझ्या मनगटासाठी."

सगळे श्रीपादकडे बघू लागले. श्रीपाद ओटीच्या कडेला बसून नारळ सोलत होता. गेल्या महिन्यात तो सरलेच्या बाजूचा होता. काल संध्याकाळी बहिणीने शेजारी बसवून तासभर समजावल्यावर तो मधल्या बाजूला आला होता आणि आज सकाळी त्याची मान कुठल्याच बाजूला नव्हती.

"मी दमलंय," तो नारळाला म्हणाला. "मारू नको म्हणतत, नाय मारणा. बघू नको म्हणतत, नाय बघणा. ती माझ्या फुडे येवन उभी रवता, बघ बघ म्हणता. किती दिवस बघूचा नाय माणसान? ... जाव दे वरीसभर. अक्काकडे काय वायट जाताहा काय?"

पिठाचा हात सरलेने पदराला पुसला, आणि तो पदर म्हाळासाठी काढलेल्या चांगल्या लुगड्याचा होता.

आरामखुर्चीतल्या दाजींना त्या घटकेला एकच गोष्ट हवी होती: कोणी कुठे जाऊ नये आणि काही बदलू नये. ओटीवर जी दोन म्हणणी मांडली गेली होती त्यांत हे तिसरे नव्हते. पोरीला मुंबईला धाडले की आई दुसऱ्यांदा जाणार. पहिल्यांदा गेली तेव्हा निदान कोणी तिकीट काढून दिलेले नव्हते. आणि सुनेच्या वर्गाची बाजू घ्यावी, तर त्यात पहिले कलम असे की लाडू बंद.

त्यांनी उपरणे सावरले. वडा अजून गरम होता.

स्वयंपाकघरात पाट वाजला. कावेरी मागीलदाराने आत आली होती. "माका वडो व्हयो."

सरला आत गेली, पोरीसमोर उकिडवी बसली. तिचा आवाज ओटीवर ऐकू येत होता. बालवाडीतला आवाज. "कावळ्यान वाडी खाल्ल्यान काय मगे पयलो वडो तुका." एवढे बोलून ती उठली आणि चुलीकडे वळली.

मग व्हायचे ते झाले. किंकाळी, मग पाय आपटणे, मग रिकामा थाळा जमिनीवर गोल गोल वाजत राहिल्याचा आवाज. सरलेने वळून पाहिले नाही. ओटीवर अक्काने श्रीपादकडे असे पाहिले की तिकिटांची वेगळी जाहिरात करायला नको. आणि थाळा थांबायच्या आत कावेरी दाजींच्या खुर्चीपाशी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. वरच्या कोर्टात रडायची गरज नसते. तिने नुसता तळहात पुढे केला.

दाजींनी उपरण्याची गाठ सोडली.

"दाजीनू," अक्का म्हणाली. "ह्यो वडो खयचो?"

दाजी बत्तीस वर्षे लोकांना शपथा घालत आले होते. खोटे बोलायची सवय राहिली नव्हती. "पानातलो."

"खयच्या पानातलो?"

"आवशीच्या."

कोपऱ्यात दर्भ निवडत बसलेल्या भटजींनी घड्याळाकडे पाहिले. पितरांसाठी, आईच्या नावाने वाढून ठेवलेल्या पानातला, अजून नैवेद्यही न दाखवलेला वडा उचलणे ही त्या घरात आजवर न घडलेली गोष्ट होती. कावेरीने तोवर अर्धा खाल्ला होता.

"आवशीचो वडो," दाजी सावकाश म्हणाले, "आवशीक दिलंय. ह्याच्यात चुकला काय?"

खरे तर युक्तिवाद बिनतोड होता. सात वर्षे ज्या घराने ही म्हातारी परत आली असे म्हणत म्हणत पोरीला वाढवले त्या घराला आता एकाएकी काय उत्तर सापडणार. श्रीपादने नारळ खाली ठेवला. सरला दारात येऊन उभी होती, आणि ती दाजींकडे नव्हे, भटजींकडे बघत होती.

"भटजीकाका, एक इचारू?"

"विचारा. पण मला चेंदवणात अजून दोन घरं आहेत."

"आजी जर ही आसा," सरलेने ओठाला वड्याचा चुरा लागलेल्या पोरीकडे बोट केले, "तर आजचो म्हाळ कोणाचो?"

भटजींनी दर्भाची काडी खाली ठेवली. त्यांच्या तीस वर्षांच्या व्यवसायात यजमानांनी नाना प्रश्न विचारले होते, पण ते बहुतेक जेवणाबद्दल असत. "म्हाळ गेलेल्यांचा," ते म्हणाले. "आलेल्यांचा नसतो. तुम्ही आपसात काय ते एक ठरवा. त्या आल्या असतील तर मी शिधा घेऊन निघतो. आल्या नसतील तर पान नव्यानं वाढा."

"तसा न्हय भटजीनू," भाई सरसावला. "वायच भाग इलो असात. अर्धो हंय, अर्धो थंय."

"त्यात आणेवारी नसते," भटजी म्हणाले.

दाजी खुर्चीत सरळ बसले. एकाच दाव्यात आई हयात आणि त्याच दाव्यात आई मयत, अशा कैफियती त्यांनी नोकरीत कितीतरी पाहिल्या होत्या. कूळकायद्याच्या भानगडीत, घरवाटणीत. अशा कागदावर ते पेन्सिलीने एक बारीक फुली मारून साहेबांपुढे ठेवीत आणि मनातल्या मनात त्या पक्षकाराची कीव करीत. ती फुली त्यांना आता स्वतःच्या कपाळावर जाणवली.

"मी सांगू?"

काशीबाई बाहेर आली होती. हातात झारा होता. ती ओटीवर, इतक्या माणसांसमोर, आपणहून बोलते आहे हे बघून अक्काने पाटावर जागा करून दिली. पण काशीबाई बसली नाही.

"ही सासूबाई न्हय. माका छत्तीस वर्सांचो अनुभव आसा. सासूबाई वडो मागीत नाय. कायच मागीत नाय. एकदा सांगीत, हळू, आणि पाठ फिरवीत. ओरडाचा नाय, हात लावचो नाय. ह्यांका इचारा कधी मारल्यानी काय."

दाजींनी नाही अशी मान हलवली.

"ही सरला पाच शनवार काय शिकान येता ता मी ऐकतंय. त्यातला अर्धा म्हणजे सासूबायंची रीत. ओरोसाक जावचीव गरज नाय."

"आणि अर्धा?" सरलेने विचारले.

"अर्धा म्हणजे ता, बरा केलंस म्हणाचा." काशीबाईने झारा दुसऱ्या हातात घेतला. "ता त्यांका जमला नाय. छत्तीस वर्सांत एकदाव नाय. मी वाट बघी. पयली धा वर्सां बघी, मगे सोडलंय." ती झारा दाजींच्या दिशेला करून म्हणाली, "ह्यांकाव नाय जमला. आवशीवर गेले." आणि एवढे बोलून, आपण फार बोललो अशा चेहऱ्याने, ती परत आत गेली. "पीठ आसा. पान नव्यान वाडूचा तर तास लागतलो."

त्या घरात स्तुती कोणी करत नसे हे खरे. दृष्ट लागते म्हणून. आंबा मोहरला तर 'वायट नाय', गाय व्याली तर 'बघूया'. श्रीपाद मॅट्रिकला पहिल्या वर्गात आला तेव्हा दाजींनी निकालाचे पत्रक दोनदा वाचून 'नापास होवक नाय ता बरा' असा अभिप्राय दिला होता. श्रीपादला तो अजून पाठ होता.

"दाजीनू," सरला म्हणाली. ती आता अगदी हळू बोलत होती. "तुमी जर तिका आवस म्हणतलास, तर तिका नातीसारखा कोण वाडवतला? मी सांगतंय ता तुमच्याकडे येवन पुसान जाता. तिका मुंबैक धाडूची नाय म्हणान तुमका वाटता, माका वाटता. मगे हंय रवाची तर कोण म्हणान रवाची, ता तुमी सांगा."

अंगणात माडाची एक झावळ गळून पडली तरी कोणी तिकडे पाहिले नाही. भटजींनीसुद्धा घड्याळ पाहणे सोडले.

"म्हाळ घालूचो," दाजी म्हणाले. मग घसा साफ करून, "आवस गेली. आठ वर्सां झाली."

ती गेली हे ते त्या ओटीवर पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होते. अक्का, जी सकाळपासून मुंबईची होती, तिने पदर डोळ्यांना लावला.

आता तासभर काढायचा होता, आणि उपाशीपोटी काढायचा होता. काशीबाई आणि सरला नव्याने वडे थापू लागल्या. बाकीचे ओटीवर बसून राहिले. कावेरीने उरलेला अर्धा वडा संपवला, हात फ्रॉकला पुसला, आणि पुन्हा खुर्चीपाशी येऊन तळहात पुढे केला.

"नाय," दाजी म्हणाले.

स्वयंपाकघरात झारा थांबला.

"कावळो खातलो, मगे तुका," दाजींनी पुढे जोडले, कारण एवढे सरलेकडून ऐकून झाले होते. आणि त्यांनी मान फिरवून आढ्याकडे पाहिले.

कावेरीला आधी ते कळले नाही. तिने तळहात जरा वर केला, नीट दिसावा म्हणून. मग तिला कळले. सुगंधाबाईंच्या वर्गात या प्रसंगाचे वर्णन फार सौम्य शब्दांत केलेले होते. पोरीने आधी खुर्चीचा दांडा हलवला. मग अंगणातल्या चपला एकेक करून आणून ओटीवर फेकल्या. मग जमिनीवर पडून ओरडायला लागली, आणि तिचा आवाज थोरल्या कावेरीबाईंना सबंध आयुष्यात लागला नसेल एवढा मोठा होता.

सरला दारात आली. तिने ओठांवर बोट ठेवून एकेकाकडे पाहिले. त्यानंतर ओटीवर जे घडले ते त्या घराच्या इतिहासात पहिल्यांदाच घडले: सगळ्यांनी मिळून एक गोष्ट केली. अक्का वाशांकडे बघू लागली. भाईने पंचांगात डोके घातले. पान कार्तिकाचे होते. भटजींनी डोळे मिटले, त्यामुळे ते पूजेत आहेत असा भास झाला. श्रीपादचा हात भिंतीवरच्या हिराकडे गेला, आणि सरलेने त्याच्या मांडीजवळ दुसरा नारळ आणून ठेवला. एका नारळाचे काम होते. त्याने चार सोलले.

कावेरी उठून बसली. तिने ओटीभर नजर फिरवली. बघणारे कोणी नव्हते. मग ती उठली, दाजींच्या अगदी समोर आली आणि किंचाळली नाही. साध्या आवाजात म्हणाली,

"मगे तू माझो झील न्हय."

नातीने 'मुलगा नव्हेस' असे म्हटल्यावर आढ्याकडे बघत राहायचे की खाली बघायचे याबद्दल वर्गात काही सांगितले असेल, तर ते सरलेच्या ध्यानात आले नाही. दाजींनी खाली पाहिले. त्यांनी उपरण्याची रिकामी गाठ पुन्हा बांधली, हे भाईलासुद्धा दिसले, आणि भाई कार्तिकात होता.

"न्हय," दाजी म्हणाले. "मी तुझो आजो. तुझी आवस थंय रांधता. माझी आवस..." त्यांनी आतल्या खोलीकडे, जिथे नवे पान मांडायचे होते तिकडे, हात केला. "तिका आज जेवक वाडूचा आसा."

कावेरीने त्या हाताकडे पाहिले, मग दारातल्या सरलेकडे. तिच्या कपाळाला आठी पडली. हा हिशेब तिला आजवर कोणी समजावून दिला नव्हता.

"मगे मी कोण?"

"तू कावेरी," दाजी म्हणाले. मग, माहिती पूर्ण असावी म्हणून, "दुसरीत शिकतंस."

ती पायरीवर जाऊन बसली. बराच वेळ गुडघ्यात तोंड घालून बसून राहिली. रडत होती, पण आतल्या आत, कोणाला ऐकू जाऊ नये असे. हा प्रकार नवा होता. अक्का उठायला लागली तेव्हा सरलेने तिच्या खांद्यावर हात ठेवून बसवले. मग हळूहळू कावेरीचे लक्ष पायरीशेजारी धुऊन रचलेल्या केळीच्या पानांकडे गेले. त्यांवरून पाणी निथळत होते. तिने वरचे पान ओढले आणि फ्रॉकच्या घेराने ते पुसायला घेतले. फ्रॉक स्वच्छ नव्हता. ते कोणी बोलले नाही.

दुसरे पान, तिसरे पान. सरला दारातून दाजींकडे बघून डोळ्यांनी खुणावू लागली. दाजींना खूण कळली, शब्द सापडेनात. बत्तीस वर्षांत त्यांनी समन्स, वॉरंट, नोटीस, जप्तीचे हुकूम, सगळ्यांचे मसुदे केले होते. या कामाचा मसुदा कधी केला नव्हता.

"कावेरी," ते म्हणाले. नावाने हाक मारताना जीभ अडखळली. "सदर पाना... पाना बरी पुसलंस. सुकी केलंस एकदम."

भाई दचकून मीठमिरच्या आणायला आत धावला. कावेरीने मागे वळून पाहिले, दाजी कोणाशी बोलताहेत ते बघायला. मागे कोणी नव्हते. तिने पुसून झालेली तिन्ही पाने पुन्हा उचलली आणि मागच्या बाजूने पुसायला सुरुवात केली.

स्वयंपाकघरात कढईत तेल चुरचुरत होते. काशीबाई दाराशी आली, एक क्षण नवऱ्याकडे बघत उभी राहिली, आणि परत गेली. त्या खेपेचे वडे जरा जास्त लाल झाले.

कावळ्यासाठीची वाडी मागच्या अंगणात ठेवली आणि सगळे लांब उभे राहिले. अक्काला भीती होती की एवढ्या भानगडीनंतर कावळा शिवायचा नाही. कावळा लगेच आला. तो सकाळपासूनच फणसावर बसून होता आणि घरातल्या कुठल्याच बाजूचा नव्हता. कावेरीला पहिला वडा मिळाला, सरलेच्या हातून. दुसरा तिने मागितला नाही असे नाही. मागितला, रुसली, ताट सरकवले, पण उलटे केले नाही. पाण्याचा तांब्या लवंडला तो बहुतेक चुकून.

संध्याकाळी अक्का बॅग भरत होती. "एक तिकीट परत घेतत काय रे?" तिने श्रीपादला विचारले.

"कुडाळाक इचारतंय."

"मी दिवाळेक येतंय. तेवा बघतंय काय ता. आणि तेवापर्यंत तिका कोणी मारलास तर मी तिका घेवनच जातलंय, ता आयकान ठेवा." मग जरा वेळाने, चेन लावता लावता सरलेला, "पाना बरी पुसल्यान गो."

तो आठवडा सोपा गेला नाही. मंगळवारी कावेरीने शाळेत एका मुलाची पाटी फोडली. बुधवारी भाईला चावली, पण यावेळी तीनच दात, आणि सोडल्यावर आपणहून लांब जाऊन बसली. श्रीपादने दोनदा हीर हातात घेतला आणि दोनदा परत खिळ्याला अडकवला. दाजींची जीभ आठवडाभर 'आये'वर येऊन अडकायची आणि तिथून वळून 'कावेरी'कडे जायची, एसटी चुकीच्या फाट्याला लागली की चालक मागे घेतो तशी. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना आई आठवायची, आणि आता ती आठवायची म्हणजे खरोखर गेलेली आठवायची. ते बरे होते की वाईट हे त्यांना ठरवता येत नव्हते. पण गुरुवारी पोरीने न सांगता त्यांची काठी आणून दिली तेव्हा ते 'बरा केलंस' म्हणाले, आणि शुक्रवारी तिने ती पुन्हा आणून दिली, काठीची गरज नसताना.

शनिवारी दुपारी सव्वा वाजता ओरोसच्या स्टँडवर एसटीतून तिघे उतरले. श्रीपाद पुढे, सरला मध्ये, धोतर सावरत दाजी मागे. त्यांनी कोट घातला होता, कोर्टात जातानाचा. वर्गात बाकांवर वीसेक माणसे होती, सगळी दाजींच्या मुलांच्या वयाची. सुगंधाबाई दाजींना वाटल्या होत्या त्यापेक्षा बऱ्याच लहान निघाल्या. त्यांनी उठून नमस्कार केला, पहिल्या बाकावर जागा दिली आणि नोंदवही पुढे केली.

"आजोबा, उशिरा आलात म्हणून रागावणार नाही. पण रकाने भरा सगळे."

नाव. वय. गाव. आणि शेवटच्या रकान्यात, मुलाशी नाते.

बत्तीस वर्षांत दाजींनी दुसऱ्यांच्या नात्यांचे असे रकाने हजारांनी भरले होते. वारस, दत्तक, सावत्र, बेवारस. हात कधी थांबला नव्हता. आता पेनाचे टोपण हातात धरून ते बसून राहिले. मागच्या बाकावरून सरला पुढे झुकली.

"काय झाला, दाजीनू? चष्मो इसारलास?"

"नाय गो," दाजी म्हणाले. "रकानो ल्हान आसा."

मग त्यांनी त्यात 'आजोबा' असे लिहिले, सवयीपेक्षा मोठे अक्षर काढून. शेवटचा काना रकान्याच्या रेघेबाहेर गेला. त्यांनी तो खोडला नाही.